नाव वगळण्याची नोकरी

फुटबॉलचा कोच शिट्टी वाजवतो, ओरडतो आणि टीम हरली की नोकरी घालवून बसतो, एवढं लोकांना माहीत असतं. या तिन्ही गोष्टी मी तीन देशांत केल्या. त्यातल्या दोन देशांतून सामान बांधून परत आलो. पण कोचचं खरं काम सामन्याच्या आदल्या दिवशी असतं. त्या दिवशी अकरा नावं लिहायची असतात. अकरा नावं लिहिणं अवघड नाही. पंधरा दिवस मैदानावर डोळे उघडे ठेवले की ती आपोआप लिहिली जातात. अवघड असतं ते बाराव्याला सांगणं. काल होतास, उद्या नाहीस. हे त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं असतं, त्याला कळेल अशा शब्दांत, आणि इतरांना कळायच्या आधी. भिंतीवर कागद चिकटवून मागच्या दाराने निघून जाणारे कोच मी पाहिले आहेत. त्यांना मी फार हसायचो.

दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर मी परदेशातल्या गमतीजमती लिहाव्यात असं ठरवलं होतं. दोन पानं लिहिलीही. मग लक्षात आलं की चांगदेवचं लिहिल्याशिवाय त्या दोन पानांना काही अर्थ नाही. म्हणून गमती थोडक्यात सांगतो.

माझे वडील गोदीत कामगार होते, मूळचे रत्नागिरीकडचे. मी माझगावात वाढलो, अनवाणी खेळायला शिकलो आणि एका कंपनीच्या टीममध्ये हाफ-बॅक झालो. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. तेव्हा गुडघा गेला म्हणजे गेलाच. पतियाळाला कोचिंगचा कोर्स केला आणि सत्तरच्या दशकात झांबियातल्या एका तांब्याच्या खाणीवर नोकरी मिळाली. तिथे आपल्याकडचे शिक्षक, अकाउंटंट बरेच होते. त्यांच्यातल्या एकाने माझं नाव सुचवलं होतं.

खाणीची टीम म्हणजे दिवसभर जमिनीखाली काम केलेली माणसं. वर येऊन अंघोळ करायची आणि तशीच मैदानावर यायची. पहिली दहा मिनिटं उजेडाने डोळे बारीक करून धावायची. माझं इंग्रजी बेताचं, त्यांची बेम्बा भाषा मला अजिबात येत नव्हती. म्हणून चिलेशे नावाचा एक वयस्कर फोरमन माझ्या शेजारी उभा राहायचा. मी बोलायचो आणि तो त्यांच्या भाषेत सांगायचा.

टीमचा कॅप्टन होता मुलेंगा. पस्तिशी उलटलेली. नवख्या माणसाला वाटतं, खेळाडू म्हातारा झाला की हळू धावतो. तसं नसतं. सरळ तो चांगला धावतो, पण वळायला त्याला एक पाऊल जास्त लागतं. मुलेंगाला दोन लागत होती. मी चिलेशेला म्हटलं, त्याला सांग की वेग गेलाय, शनिवारी तू खेळणार नाहीस. चिलेशे बोलायला लागला तो दहा मिनिटं थांबेचना. मध्येच त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मध्येच स्वतःच्या डोळ्यांकडे. मुलेंगाने सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात पाय बांधलेली एक कोंबडी होती. शनिवारी तो कोट घालून आला आणि बाकावर माझ्या शेजारी बसला. पुढे प्रत्येक सामन्याला बसला.

सहा महिन्यांनी मला कळलं की चिलेशेने त्याला सांगितलं होतं, कोच परका माणूस आहे, त्याला आपली माणसं ओळखता येत नाहीत, त्याला तुझे डोळे हवेत. मी चिलेशेवर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बोललात तेच सांगितलं असतं तर तो घरी जाऊन बसला असता." मुलेंगाने पुढे मला दोन उत्तम खेळाडू शोधून दिले, तेव्हा माझा राग गेला. मग तांब्याचे भाव पडले, खाणीला फुटबॉल परवडेना आणि मी परत आलो.

त्यानंतर ओमानला गेलो. किनाऱ्यावरच्या एका गावातला क्लब होता. तिथे दुभाषा होता क्लबचा कारकून, खमीस. हा चिलेशेच्या अगदी उलट, शब्द वाचवणारा. सईद नावाचा विंगर होता, वाऱ्यासारखा पळायचा, पण बॉल कुणाला द्यायचा हे त्याला कधी कळलं नाही. मी खमीसला म्हटलं, सांभाळून सांग. मेहनत चांगली आहे, अजून थोडी तयारी हवी, पुढच्या मोसमात नक्की विचार करू. खमीसने चार शब्दांत आटोपलं. मी विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, तू टीममध्ये नाहीस, असं. आणि पुढच्या मोसमाचं? त्यावर खमीस म्हणाला, "पुढच्या मोसमात तुम्ही तरी इथे असाल का?"

सईदने बूट काढले, मैदानाच्या मधोमध नीट जोडून ठेवले आणि अनवाणी निघून गेला. दुपारची वाळू तापलेली होती. तो पुन्हा आला नाही. आणि खमीसचं खरं ठरलं. क्लबच्या प्रमुखाच्या पुतण्याला गोलकीपर करायला मी नाही म्हटलं आणि आठवड्याच्या आत माझ्या हातात परतीचं तिकीट आलं.

या गोष्टी मी पुष्कळ वर्षं हसत सांगत होतो. त्यात माझी एक सोय झाली होती, ती तेव्हा मला दिसली नाही. दोन्हीकडे वाईट बातमी माझी होती, पण ती सांगणारं तोंड दुसऱ्याचं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी घरी परतलो तेव्हा घर वाशीला गेलेलं होतं. माझी बायको सुमन मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. मी बाहेर असताना तिने आमच्या मुलीला सांभाळत एकटीने अर्ज करून नव्या वसाहतीत फ्लॅट मिळवला होता. अर्ध्या बिल्डिंगा रिकाम्या, रस्ते रुंद आणि रस्त्यावर माणूस नाही. ती बसने खाडीपूल ओलांडून ड्युटीला जायची. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रंगांच्या कारखान्यात कोच म्हणून लागलो. त्या काळी कारखान्यांच्या टीम असत आणि मॅनेजमेंटला कप हवे असत. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो बंद होऊनही आता काळ लोटला.

मैदान कारखान्याच्या मागे होतं. जुन्या मिठागराची जमीन, उन्हाळ्यात पांढरी पडायची. पडून खरचटलं की मीठ झोंबायचं. खेळाडू बहुतेक टेम्पररी कामगार. आजूबाजूच्या गावांतले, ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे सगळं उभं राहिलं होतं ते. त्यांच्या दृष्टीने फुटबॉल म्हणजे परमनंट होण्याचा एक रस्ता. पर्सोनेल ऑफिसर साने यांनी शब्द दिला होता की कारखान्यांची स्पर्धा जिंकलात तर टीममधल्या तिघांना परमनंट करू.

चांगदेवला मी पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावर नाही. गेटजवळ ट्रकमधून ड्रम उतरवत होते. एक ड्रम निसटून उतारावरून घरंगळत आला. सगळे उड्या मारून पळाले. हा एकटाच अर्धं पाऊल बाजूला झाला, ड्रम शेजारून जाऊ दिला आणि मागून पाय लावून त्याला भिंतीकडे वळवलं. तोंडावर काही नाही, जणू रोजचंच. मी त्याला तिथेच विचारलं, फुटबॉल खेळतोस का? तो म्हणाला, गावात खेळतो, ओहोटीला चिखलावर.

तो दिवाळे गावचा कोळी, चोवीस वर्षांचा. घरी होडी होती, आई बेलापूरला मासे विकायची, बायको तारा, मूल अजून नव्हतं. त्याला मी फार काही शिकवलं असं म्हणवत नाही. बचाव करणाऱ्याला मी एकच गोष्ट शिकवतो, बॉलकडे बघू नको, समोरच्याच्या कमरेकडे बघ. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. बाकीच्यांना हे कळायला वर्ष लागायचं. चांगदेव म्हणाला, "म्हावरा पन तसाच वलतो, सर." मासासुद्धा तसाच वळतो म्हणे. तीन देशांत त्याच्यासारखा हाफ-बॅक मला मिळाला नाही, हे आजही म्हणतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. परमनंट करायची तीन नावं मी दिली होती, त्यात चांगदेवचं पहिलं. परमनंट करण्याआधी डॉक्टरी तपासणी व्हायची. कारखान्यात आठवड्यातून एकदा एक डॉक्टरीणबाई यायच्या. फायनलला दहा दिवस असताना त्या मैदानावर आल्या. साडीचा काठ त्या मिठाच्या मातीतून सांभाळत आल्या, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, चांगदेवच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. लहानपणी सांधे धरून ताप आला असणार, त्यातून हे होतं. धावणं बंद करायला हवं, मोठ्या हॉस्पिटलात लगेच दाखवायला हवं. आज त्याची दुसरी पाळी होती, त्यामुळे त्यांची गाठ पडली नव्हती. रिपोर्ट त्यांनी ऑफिसात दिला होता.

"पण कागद फिरेपर्यंत थांबू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तो रोज भेटतो. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा."

मी हो म्हटलं.

तिथून मी सान्यांच्या केबिनमध्ये गेलो. साने वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी पंखा बारीक केला, दार लावलं आणि म्हणाले, कांबळे, मी तो रिपोर्ट अजून वाचलेला नाही असं समजा. आज वाचला तर मला त्याला गेटच्या बाहेर काढावं लागेल, टेम्पररी माणूस आणि अनफिट. पण तुम्ही कप आणलात तर त्याची ऑर्डर आधी निघेल आणि रिपोर्ट नंतर फाईलला लागेल. एकदा परमनंट झाला की औषधपाणी कंपनीचं. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.

म्हणजे सांगितलं तर त्याची नोकरी गेली. गप्प राहिलो तर नोकरी आणि उपचार दोन्ही मिळतील. एकच सामना तर खेळायचा. मी स्वतःला म्हटलं, हे मी त्याच्यासाठीच करतोय. त्यात माझा कपही होता, हे मी स्वतःला म्हटलं नाही.

संध्याकाळी सुमनला सांगितलं. सांगायला नको होतं. ती पोळ्या लाटत होती, ती थांबली. तिने अशा रोगाचे पेशंट वॉर्डात रोज पाहिले होते. ती म्हणाली, "अहो, ही माणसं चांगली दिसतात आणि एक दिवस जिना चढताना बसतात. तुम्ही उद्याच सांगा त्याला." मी सान्यांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "साने काही करोत. जीव त्याचा आहे, त्याला कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी दिवाळ्याला गेलो. भरती उतरली होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. दारासमोर जवळा वाळत घातलेला, त्याचा वास सगळ्या गल्लीत. चांगदेव ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली. त्याची आई बाहेर आली, मास्तर आले म्हणून शेजाऱ्यांना सांगून आली. ताराने कोरा चहा दिला. तिघं माझ्याकडे बघत बसली. मास्तर घरी आले म्हणजे काहीतरी चांगली बातमी असणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी शेजारी बघितलं. तिथे चिलेशे नव्हता, खमीसही नव्हता. बोली थोडी वेगळी असली तरी भाषा माझीच होती. शब्द मला सगळे येत होते.

मी विचारलं, "चांगदेव, धावताना दम लागतो का तुला?"

तो हसला. "दम नाय लागत, सर. कवा कवा छातीन धडधडतं. ते होयाचंच ना, फायनल हाय."

त्याची आई म्हणाली, देवीला नारळ बोललेय, नोकरी पक्की झाली की फोडणार. मी चहा संपवला. जपून राहा, जास्त प्रॅक्टिस करू नकोस, असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. घरी आल्यावर सुमनने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, काय म्हणाला? मी म्हटलं, सामन्यानंतर दाखवतो म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तोपर्यंत मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.

फायनल ठाण्याला झाली. मी चांगदेवला हाफ-बॅकच्या जागेवरून काढलं आणि अगदी मागे, गोलसमोर उभं केलं. तिथे धावणं कमी. त्याला बजावलं की हाफ लाईन ओलांडायची नाही, काही झालं तरी. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने कारण विचारलं नाही. तासाभराने त्याला बाहेर काढायचं, हेही मी मनाशी ठरवलं होतं. त्या काळी दोनच बदली खेळाडू घेता यायचे. पहिल्या अर्ध्यात आमच्या एकाचा घोटा मुरगळला. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला गोलकीपरची भुवई फुटली. दोन्ही बदली संपले. तासाभराने चांगदेवला बाहेर काढायचं तर दहा जणांनी खेळावं लागलं असतं. गोल शून्य-शून्य. मी त्याला काढलं नाही.

शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली असताना त्याने समोरच्याच्या पायातून बॉल काढून घेतला आणि पुढे निघाला. हाफ लाईन आली, ती ओलांडली. मी ओरडलो. त्याने ऐकलं नाही. कंबर बघत बघत दोघांना चुकवलं, तिसऱ्याला चुकवलं आणि आमच्या फॉरवर्डच्या पायावर बॉल ठेवला. गोल झाला. सगळे गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडले. चांगदेव जिथे होता तिथेच गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा होता. फार वेळ उभा होता. कोणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला. ओठ काळेनिळे झाले होते. म्हणाला, "सॉरी सर, हाफ लाईन पार केली."

कपाचा फोटो निघाला. त्यात मी मधे आहे.

पुढच्या पंधरवड्यात दोघांच्या ऑर्डरी निघाल्या. चांगदेवची निघाली नाही. साने म्हणाले, वरून सगळे मेडिकल मागितले, माझ्या हातात राहिलं नाही. तोंड पाडून म्हणाले. त्यांनी प्रयत्न केला असेल, नसेलही. चांगदेवला ऑफिसात बोलावलं आणि एका कारकुनाने त्याला कागद वाचून दाखवला. इंग्रजी कागद, त्याने मराठीत अर्थ सांगितला. अनफिट. कामावरून कमी. कागदावर तपासणीची तारीख होती आणि खाली एक ओळ होती, टीमच्या कोचना तोंडी कळवले आहे.

त्या रविवारी दुपारी तो वाशीला आमच्या घरी आला. पहिल्यांदाच. चपला बाहेर काढल्या, तरी पाय पायपुसण्यावर दोनदा पुसले. सुमनने पाणी आणलं. त्याने पेला हातात धरला, प्यायला नाही.

"सर, तुमाना म्हाईत होता?"

मी म्हटलं, हो.

"फायनलच्या आगोदर?"

"हो."

सुमन दारातच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

चांगदेव म्हणाला, "म्हंजे मना मागं ठेवला ते त्याच्यासाठी. मना वाटला, माजा खेल तुमाना आवडंना झाला."

मी बोलायला लागलो. नोकरीचं सांगितलं, सान्यांचं सांगितलं, उपचारांचं सांगितलं. सगळं खरं होतं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "मना सांगला असता तरी मी खेललो असतो, सर. नोकरीसाठी खेललोच असतो. पन मग मी खेललो असतो. आता तुमी मना खेलवला."

त्याचा आवाज चढला नव्हता. पेला त्याने टीपॉयवर ठेवला. सुमन पुढे आली, त्याच्यासमोर बसली आणि झडप म्हणजे काय, ऑपरेशन कसं करतात, ते झालेली माणसं कशी कामाला लागतात, सगळं तिने साध्या शब्दांत समजावलं. माझ्या हॉस्पिटलात सोमवारी या, मी स्वतः नेते म्हणाली. तो म्हणाला, बघतो, ताई. उठला आणि गेला.

सोमवारी तो आला नाही. नंतरच्याही सोमवारी नाही. सुमन माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतं बोलली.

मी दिवाळ्याला जात राहिलो. पहिल्यांदा गेलो तर तो होडीवर गेला होता. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धक्क्यावर भेटला. मी म्हटलं, चांगदेव, हे फसवणं नाही, ऑपरेशन केलंस तर वाचशील. तो जाळ्यातली बोय मासळी सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, तुमचा खरा कोनता आन खोटा कोनता, मना आता कलत नाय."

खेळाडूला कोचचं पटलं नाही तरी चालतं. पण तो खरं सांगतोय एवढं त्याला वाटायला हवं. धाव म्हटलं की तो धावतो, थांब म्हटलं की थांबतो, ते तेवढ्यावरच. ते एकदा गेलं की शिट्टी कितीही मोठ्याने वाजवा. चांगदेवचा जीव वाचवणारी गोष्ट मी त्याला अखेर सांगितली तेव्हा ती खरी होती, आणि ती माझ्या तोंडून आली म्हणून त्याने ऐकली नाही.

मी त्या कारखान्यात आणखी दोन वर्षं नोकरी केली. सोडली असती असं लिहायला बरं वाटलं असतं, पण सोडली नाही. मुलीची शाळा होती, दुसरं काम नव्हतं. नव्या खेळाडूंशी मी चांगला वागायचो. प्रत्येकाला त्याची जागा, त्याची चूक, त्याचं वगळलं जाणं त्याच दिवशी तोंडावर सांगायचो. लोक म्हणायचे, कांबळे सर फार स्पष्ट.

दोन वर्षांनी पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, चांगदेवच्या पायांना सूज आली आणि आडवं पडलं की श्वास लागायला लागला. गावातल्या चौघांनी त्याला टेम्पोत घालून मुंबईला नेलं. योगायोगाने सुमनच्याच हॉस्पिटलात. तिने कारखान्यात फोन केला. मी शिफ्टच्या बसने तसाच गेलो.

तो उशांना टेकून बसलेला होता, नाकात नळी. गालफडं बसली होती. त्याची आई आणि तारा खाली फरशीवर बसल्या होत्या. त्याने मला ओळखलं. बोलायला त्याला श्वास नव्हता. त्याने हळूच पाय एका बाजूला घेतले, मला कॉटवर बसायला जागा केली. मी बसलो. अर्धा-पाऊण तास बसलो असेन. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण त्याला ऐकायचा त्रास होईल असं वाटून गप्प राहिलो. तेव्हाही गप्पच राहिलो. डॉक्टर म्हणत होते, अंगातलं पाणी उतरलं की ऑपरेशनचं बघू. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. सुमन ड्युटीवर होती. डोळे तिने मिटले.

मी लगेच दिवाळ्याला जाऊ शकलो नाही. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, पाऊस उघडला, तेव्हा गेलो. तारा ओट्यावर होती. तिने आत बोलावलं, त्याच खुर्चीवर बसवलं. मी तिला म्हटलं, चांगदेवने तुला सांगितलं असेल माझ्याबद्दल. ती म्हणाली, "घरान तुमचा वाईट कदी नाय बोलला. चांगला पन नाय बोलला. त्या दिसापासून बॉलचा नावच नाय काढला. पोरा बोलवाला यायची, तर घरानशी निंगाचाच नाय."

त्याची आई बाहेर अंगणात जवळा वाळत घालत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे ताराच्या बोलण्यातून मला कळलं. तिला एवढंच ठाऊक होतं की तब्येतीमुळे नोकरी गेली आणि तब्येतीमुळेच मुलगा गेला. त्यांना सगळं सांगायचंय म्हटल्यावर तारा म्हणाली, नका सांगू, सर. पण मी ठरवून आलो होतो. मी बाहेर गेलो, त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई मैदानावर आल्या तिथपासून. मावशी, मी तुमच्या ओट्यावर चहा पीत होतो तेव्हा मला माहीत होतं, हेही सांगितलं. काही लपवलं नाही, माझ्या बाजूचंही काही बोललो नाही. एवढं सरळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

त्यांचे हात थांबले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग मना आता कशाला सांगताव, मास्तर?" त्या म्हणाल्या, आणि जवळा दोन्ही हातांनी पुन्हा पसरायला लागल्या.